चांदिपुरा विषाणूचा पेशीप्रवेश आणि त्याचा अवरोध : एक संरचनात्मक परिचय

प्रस्तावना

१९६५ साली नागपूर परिसरातील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी एक नवा विषाणू वेगळा केला. तेथील चांदिपुरा या स्थळावरून त्याचे नामकरण झाले. सुमारे चार दशके तो दुर्लक्षितच राहिला. २००३ मध्ये मात्र आंध्र प्रदेश व महाराष्ट्रात बालकांमध्ये मेंदूज्वराची साथ उद्भवली. आंध्र प्रदेशात बाधित ३२९ बालकांपैकी १८३ दगावली. २०२४ मध्ये गुजरातेत त्याचा पुन्हा उद्रेक झाला. सँडफ्लाय ही बारीक माशी त्याची वाहक असून ती मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांत आश्रय घेते. विदर्भाच्या सीमेला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यातील ग्रामीण वस्तीस म्हणूनच हा विषय परका नाही.

विषाणूची रचना

हा विषाणू रेबीजच्याच कुळातील असून त्याचा आकार बंदुकीच्या गोळीसारखा असतो. सुमारे ११ हजार न्यूक्लिओटाइडांचा एकपदरी आरएनए आणि पाच प्रथिने एवढाच त्याचा संसार. बाहेरील मेदयुक्त आवरणावर केवळ एकच प्रथिन उभे असते, ते म्हणजे 'जी' ग्लायकोप्रोटीन. पेशीला चिकटणे आणि पेशीत शिरणे ही दोन्ही कार्ये त्यालाच करावी लागतात.

पेशीप्रवेशाची प्रक्रिया

विषाणू पेशीपृष्ठास चिकटला की पेशी त्याला एका पुटिकेत वेढून आत ओढते. या पुटिकेतील माध्यम हळूहळू आम्लधर्मी होते. ही अम्लता हाच 'जी' प्रथिनासाठी संकेत ठरतो. प्रथिनाची घडी उलगडते, त्याच्या टोकावरील जलविरोधी वलये पुटिकेच्या पटलात रुततात आणि प्रथिन पुन्हा केसाच्या पिनेप्रमाणे दुमडते. त्यामुळे विषाणूचे आवरण व पुटिकेचे पटल एकमेकांकडे खेचले जाऊन एकजीव होतात आणि आरएनए पेशीद्रवात मुक्त होतो. फ्रान्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये या प्रथिनाची आम्ल माध्यमातील रचना, तर २०१७ मध्ये स्थित्यंतराच्या मधल्या अवस्था क्ष-किरण स्फटिकशास्त्राने उलगडल्या.

अवरोधाच्या दिशा

आकार बदलल्याविना विषाणूला प्रवेश नाही. हीच त्याची दुर्बलता होय. प्रतिपिंडे 'जी' प्रथिनास बांधली गेल्यास पेशीशी होणारा संयोग रोखला जाऊ शकतो किंवा घडी उलगडण्यास अटकाव होऊ शकतो. या तत्त्वाची व्यवहार्यता श्वसनमार्गाच्या आरएसव्ही विषाणूच्या बाबतीत सिद्ध झाली आहे. त्याच्या संमीलन प्रथिनाची प्रवेशपूर्व रचना २०१३ मध्ये ज्ञात झाली. तीच अवस्था स्थिर करून बनविलेल्या लसी २०२३ मध्ये मान्य झाल्या. 'जी' प्रथिनाचे स्थित्यंतर मात्र उलट फिरू शकते. त्यामुळे त्याला एका अवस्थेत जखडणे हा निराळा प्रश्न ठरतो.

समारोप

चांदिपुराच्या तीव्र संसर्गात लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांतच मृत्यू ओढवू शकतो. विषाणू मज्जासंस्थेत पोहोचल्यावर उपचारास अवधी उरत नाही. म्हणून प्रवेशच रोखणे अधिक श्रेयस्कर. परंतु शोध लागून अनेक दशके लोटली तरी त्यावर मान्यताप्राप्त लस वा विशिष्ट औषध नाही. तूर्त माशीचा बंदोबस्त आणि रुग्णास त्वरित रुग्णालयात हलविणे हेच उपाय हाती आहेत. उपरोक्त संरचना 'प्रोटीन डेटा बँके'त सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र व प्राणिशास्त्राच्या अध्यापकांनी त्या वर्गातील संगणकावर एकत्रितपणे उलगडून दाखविल्यास आपल्याच प्रदेशात प्रथम आढळलेल्या या व्याधीचा अभ्यास आपल्या महाविद्यालयांतूनही सुरू होऊ शकेल.