भाड्याच्या सायकलींनी सातारा-सांगलीची हवा सुधारेल का? एक हिशोब

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेले 'म्हणजे' आणि 'बघा' थोडे कमी केलेत, बाकी जवळपास जसंच्या तसं आहे.)

मागच्या भागात आपण हवेतल्या धुळीबद्दल बोललो, तेव्हा साताऱ्याच्या एका श्रोत्याने विचारलं होतं, "पुण्यात मध्यंतरी ॲपवर सायकली मिळायच्या, तसं काही सातारा-सांगलीकडे केलं तर प्रदूषण कमी होईल का?" प्रश्न साधा वाटला, म्हणून म्हटलं पाच मिनिटांत उत्तर देऊ. बसलो हिशोबाला, तर तीन संध्याकाळी गेल्या. उत्तर 'हो' आहे, पण मला वाटलं होतं त्या कारणाने नाही. आज तेच सांगतो.

आधी एक गोष्ट मान्य करू, की ही कल्पना आपल्याला नवी नाही. आमचे बाबा सांगतात, तासगावात त्यांच्या लहानपणी सायकल तासावर भाड्याने मिळायची. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा, 'कुणाचा रे तू?' एवढंच विचारायचा आणि सायकल द्यायचा. ओळख हेच डिपॉझिट. किर्लोस्करवाडी वसवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी उद्योगाची सुरुवातही 1888 मध्ये बेळगावात सायकलच्या दुकानानेच केली होती. म्हणजे सायकल विकणं, दुरुस्त करणं, भाड्याने देणं हे सगळं या भागाला चांगलं माहीत आहे. ॲप फक्त वहीच्या जागी आलं.

मग पुण्यात काय झालं? डिसेंबर 2017 मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात स्मार्ट सिटीच्या योजनेखाली सायकली आल्या. पुढे पेडल, ओफो, मोबाइक, युलू अशी बरीच नावं रस्त्यावर दिसायला लागली. मी तेव्हा पुण्यात होतो आणि अगदी उत्साहाने वापरायचो. पहिले काही महिने मजा आली. मग एक दिवस ॲपने दाखवलेल्या जागी गेलो तर सायकल होती, सीट नव्हती. दुसऱ्या दिवशी सीट होती, पण सायकल एका सोसायटीच्या गेटच्या आत कुलूपबंद. 2018 मध्येच ओफोने भारतातून गाशा गुंडाळला आणि पुढच्या एक-दोन वर्षांत पायडलच्या सायकली रस्त्यावरून जवळपास गायबच झाल्या.

याचा दोष लोकांवर ढकलणं सोपं आहे. पण इंजिनिअर म्हणून मला वेगळं दिसतं. ती सिस्टीम 'डॉकलेस' होती, म्हणजे सायकल कुठेही उचला, कुठेही सोडा. अशा सिस्टीममध्ये सायकल शेवटी कुणाचीच नसते. तिची जागा ठरलेली नाही, तिच्यावर लक्ष ठेवणारा माणूस नाही. याउलट म्हैसूरचं बघा. 2017 च्या जूनमध्ये तिथे 'ट्रिन ट्रिन' सुरू झालं, साधारण 450 सायकली आणि पन्नासच्या आसपास ठरलेली स्टँड्स. सायकल स्टँडवरूनच घ्यायची आणि स्टँडवरच लावायची. म्हैसूर आपल्या सांगलीपेक्षा मोठं आहे, पण पुण्यापेक्षा आपल्याला जवळचं उदाहरण तेच.

आता मूळ प्रश्न. हवा.

सांगली शहर केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे. हा कार्यक्रम जानेवारी 2019 मध्ये सुरू झाला. सलग पाच वर्षं हवेचं मानक न गाठणारी शहरं त्यात घेतली, आणि महाराष्ट्रातल्या नावांत मुंबई, पुणे, नागपूर, सोलापूर, कोल्हापूर यांच्याबरोबर सांगलीही आहे. सातारा त्या यादीत नाही. आपलं मानक सांगतं की पीएम 10, म्हणजे 10 मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ, वर्षाच्या सरासरीत घनमीटरला 60 मायक्रोग्रॅमच्या आत हवी. त्याहून बारीक पीएम 2.5 साठी ही मर्यादा 40 आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये दिलेले आकडे तर 15 आणि 5 आहेत.

इथे एक मेख आहे. पीएम 10 मध्ये रस्त्यावरून उडणारी धूळ, बांधकाम, जाळलेला कचरा यांचा वाटा मोठा असतो. स्कूटरच्या धुराड्यातून ही जाड धूळ फारशी येत नाही. तिथून येतात कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइड्स आणि न जळलेलं पेट्रोल. हे शेवटचे दोन घटक हवेत मिसळून नंतर बारीक कण आणि ओझोन तयार करतात. त्यामुळे कुणी तुम्हाला सांगितलं की 'सायकली आणल्या की सांगली त्या यादीतून बाहेर', तर त्यांना प्रेमाने नाही म्हणा. रस्त्याच्या कडेची माती उचलणं आणि कचरा न जाळणं ही कामं सायकल करणार नाही.

बरं, मग सायकल काय करेल? चला, आकडे मांडू. हे माझे अंदाज आहेत, तुम्ही तुमचे टाकून बघा.

समजा, सांगली-मिरजेत 300 सायकली ठेवल्या. प्रत्येक सायकल दिवसाला चार वेळा वापरली गेली, दर खेपेला 3 किलोमीटर. झाल्या 1200 खेपा, 3600 किलोमीटर. पण या सगळ्या खेपा गाडीवरून हललेल्या नसतात. बरेच जण आधी चालत जायचे, काही वडापने किंवा सिटी बसने. समजा एक तृतीयांश लोकांनी खरोखर गाडी घरी ठेवली. म्हणजे वाचले 1200 किलोमीटर. लिटरला 50 चं ॲव्हरेज धरलं तर 24 लिटर पेट्रोल.

चोवीस लिटर! दोन मोटारींच्या टाक्याही भरत नाहीत. एका लिटर पेट्रोलमागे साधारण 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड, म्हणजे दिवसाला 55 किलो.

आणि थांबा, अजून वजाबाकी बाकी आहे. सकाळी सगळे सायकली घेऊन कॉलेजकडे जातात, तिथे ढीग लागतो, स्टँडवर एकही उरत नाही. म्हणून टेम्पोत घालून त्या परत न्याव्या लागतात. आमच्या क्षेत्रात याला लोड बॅलन्सिंग म्हणतात, फक्त सर्व्हरला डिझेल लागत नाही. टेम्पो दिवसाला 60 किलोमीटर फिरला आणि लिटरला 12 गेला तर 5 लिटर डिझेल, म्हणजे 13 किलो कार्बन डायऑक्साइड. बचतीचा जवळजवळ चौथा हिस्सा टेम्पोनेच खाल्ला. शिवाय डिझेलचा काळा धूर गल्लीत, ते वेगळंच.

हा आकडा आला तेव्हा मी लॅपटॉप बंद केला. वाटलं, हा एपिसोडच नको.

मग रात्री घरी फोन लावला. आमचं घर तासगावचं. धाकटा भाऊ रोज विश्रामबागच्या एका कॉलेजला मोटारसायकलने येतो. आई त्याच्या काळजीने तो पोहोचल्याचा मेसेज येईपर्यंत चहा घेत नाही. मी सहज विचारलं, "एसटीने का येत नाहीस? पास आहे ना?" तर म्हणाला, "दादा, एसटी स्टँडला सोडते. तिथनं कॉलेज चार किलोमीटर. रिक्षाला रोज कोण पैसे घालणार? चालत गेलो तर पहिलं लेक्चर गेलंच." आणि फोन ठेवताना, "गाडी चालवायची हौस नाहीये मला. पावसाळ्यात तर नकोच वाटतं."

तिथे माझं गणित उलटं झालं. तासगाव ते सांगली साधारण 25 किलोमीटर. त्यात हे शेवटचे चार. जाऊन-येऊन 58 किलोमीटर मोटारसायकल पळते ती फक्त त्या शेवटच्या चार किलोमीटरची सोय नाही म्हणून! एसटी तर तशीही येणारच आहे, भाऊ त्यात बसो वा न बसो.

आता पुन्हा मांडा. त्याच 300 सायकलींपैकी काही एसटी स्टँडला ठेवल्या आणि भावासारखे फक्त 100 जण एसटी अधिक सायकल असे यायला लागले. सायकलच्या खेपा 200, एकूण 1200 पैकी फक्त सहावा हिस्सा. पण वाचलेलं अंतर? 58 गुणिले 100, म्हणजे 5800 किलोमीटर. पेट्रोल 116 लिटर. आधीच्या 24 च्या जवळपास पाचपट.

म्हणून माझं उत्तर असं आहे: सायकलने गावातल्या गावातली स्कूटर हटवायला गेलो तर फरक थोडा पडतो. सायकलने एसटी आणि रेल्वे पूर्ण केली तर फरक मोठा. आणि हे एका शहरापुरतं करून जमत नाही. दोन्ही टोकांना सोय लागते. म्हणून 'प्रादेशिक' हा शब्द इथे महत्त्वाचा.

आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. पुणे-मिरज रेल्वेमार्गावर सातारा स्टेशन आहे माहुलीला, गावापासून पाच-सहा किलोमीटर. कराडचं स्टेशन ओगलेवाडीला, तेही गावाबाहेर. पुढे किर्लोस्करवाडी, सांगली, विश्रामबाग, मिरज. कोयना एक्स्प्रेसने उतरलेल्या माणसाला साताऱ्यात पोवई नाक्यापर्यंत यायचं तर रिक्षाचं भाडं कधीकधी रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त पडतं. बायकांना मार्च 2023 पासून एसटीत अर्धं तिकीट आहे. मोठा प्रवास स्वस्त झाला, शेवटचा तुकडा महागच राहिला. गाडी घ्यायचं कारण बहुतेक घरांत तोच तुकडा असतो.

आता अडचणी, कारण त्या न सांगता नुसती स्वप्नं विकायला मला आवडत नाही.

पहिली, साताऱ्याचा चढ. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याचं गाव. राजवाड्यावरून पोवई नाक्याकडे सायकल आपोआप धावते, परत येताना जीव जातो. म्हणजे सगळ्या सायकली खाली जमा होणार आणि वर एकही नाही. पॅरिसला हीच अडचण आली. तिथल्या 'वेलिब' योजनेने उंचावरच्या स्टँडला सायकल लावणाऱ्याला जादा मोफत मिनिटं दिली. टेम्पोचं थोडं काम लोकांनीच केलं. साताऱ्यात हे करावं, आणि सोबत बॅटरीचा हात देणाऱ्या सायकली ठेवाव्यात. सांगली-मिरज सपाट आहे, तिथे साधी सायकल पुरे. दोन्ही गावांना एकच मॉडेल विकणारा आला तर सावध राहा.

दुसरी, कृष्णामाई. 2019 च्या ऑगस्टमध्ये मारुती चौक, गावभाग पाण्याखाली होता, 2021 मध्ये पुन्हा पूर आला. सांगलीत काँक्रीटमध्ये रोवलेली, वायर ओढलेली महागडी स्टँड्स बसवायची तर पूररेषा बघूनच. नाहीतर बोल्ट काढून उचलता येतील अशी साधी स्टँड्स बरी.

तिसरी, सांभाळणार कोण? इथे मला बाबांची वही आठवते. प्रत्येक स्टँड जवळच्या सायकल दुकानाला जोडून द्यावं. पंक्चर, चेन, ब्रेक यांचे पैसे त्याला महिन्याला मिळावेत. सीट गेली तर त्याला त्याच दिवशी कळेल, ॲपला आठवड्याने. आणि ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्यालाही दुकानदार सायकल देऊ शकेल.

चौथी माझ्या प्रांतातली. सातारा नगरपालिका एक ॲप काढणार, सांगली-मिरज-कुपवाड महापालिका दुसरं, एसटीचं तिसरं, असं झालं तर संपलंच. यासाठी जगभर वापरला जाणारा जीबीएफएस नावाचा एक खुला साचा आहे. कोणत्या स्टँडवर किती सायकली आहेत ही माहिती एकाच पद्धतीने सगळ्यांसाठी खुली ठेवायची. टेंडरमध्ये ही एक अट घातली तर ठेकेदार बदलला तरी सिस्टीम मरत नाही. खर्च जवळपास शून्य.

आणि शेवटची, रस्ता. स्टँड ते कॉलेज हे चार किलोमीटर जर डंपरच्या शेजारून जायचे असतील तर माझी आई भावाला सायकलही चालवू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे. सायकल चालवताना आपण जास्त खोल श्वास घेतो, त्यामुळे हमरस्त्यावरचा धूरही जास्त आत जातो. आतल्या गल्ल्यांतून जाणारा, खुणा केलेला, रात्री दिवे असलेला एक रस्ता हवा. सगळ्या शहरात नको, आधी एकच. स्टँड ते विश्रामबाग. साताऱ्यात माहुली स्टेशन ते पोवई नाका. तो चालला तर पुढचा.

लोक म्हणतील, 'एवढं करून 116 लिटर?' हो, 100 माणसांमागे 116. आणि ते दिवसाला, कॉलेज आणि कंपन्या चालू असतील तितके सगळे दिवस. हजार झाले तर आकडा तुम्हीच काढा. शिवाय जी गाडी घेतलीच नाही तिचा हप्ताही वाचतो, हे घरात सांगायला जास्त सोपं पडतं.

आता तुमच्यासाठी काम. या आठवड्यात तुमच्या घरातली गाडी किती वेळा निघाली आणि त्यातल्या किती वेळा कारण फक्त 'स्टँडपासून पुढं काही मिळत नाही' हे होतं, ते एका कागदावर लिहा. गावाचं नाव आणि किलोमीटर टाकून मला पाठवा. सातारा, कराड, तासगाव, इस्लामपूर, मिरज, कुठलंही चालेल. पुरेसे आकडे जमले की नकाशा करू आणि दोन्हीकडच्या नगरसेवकांना नेऊन देऊ. भावाने त्याचा आकडा आधीच पाठवलाय: आठवड्याला सहा.

भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत टायरमध्ये हवा आहे का बघून ठेवा!