ठरलेली जागा

नेकनूरच्या आठवडी बाजारात जनावरांची जागा वेगळी, भाजीपाल्याची वेगळी. त्यामुळे परगावच्या माणसालाही फार हिंडावे लागत नाही. संगणकातील फायलींनाही अशाच ठरलेल्या जागा लागतात.

१९९१ साली फिनलंडमध्ये लिनस टॉरव्हाल्ड्स याने संगणक चालविणारी 'लिनक्स' ही प्रणाली लिहिण्यास आरंभ केला. पुढे तिच्या अनेक आवृत्त्या निघाल्या; परंतु त्याच फायली निरनिराळ्या आवृत्तींत निरनिराळ्या ठिकाणी असत. एकीसाठी लिहिलेली आज्ञावली दुसरीत अडून बसे. म्हणून १९९४ साली सर्वांसाठी एक मांडणी सुचविण्यात आली : यंत्रणेच्या सूचना 'ईटीसी' या कप्प्यात, बदलत्या नोंदी 'व्हार'मध्ये, प्रत्येकाचे स्वतःचे लेखन 'होम'मध्ये.

मुलांनो, आज्ञावली लिहिणारा एका देशी व वापरणारा दुसऱ्या देशी असतो. दोघांची भेट न होताही काम अडत नाही, ते या ठरलेल्या जागांमुळेच!