खरेदीदार सरकार असतं तेव्हा

जमिनीची खरेदी झाली की दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातून ‘इंडेक्स टू’ हातात पडतो. त्यात 14 रकाने. 12वा मुद्रांक शुल्काचा. दोन शेतकऱ्यांमधला व्यवहार असेल तर तिथे चांगला घसघशीत आकडा दिसतो. घेणारं महाराष्ट्र शासन असेल तर मात्र शून्य!

हे शुल्क भरायचं असतं खरेदीदाराने, आणि ते जमा होतं सरकारी तिजोरीत. मग सरकारच खरेदीदार झालं तर? 1958च्या मुद्रांक अधिनियमातलं कलम 3 सांगतं, जिथे शुल्काचा बोजा सरकारवर पडला असता, तिथे ते लागतच नाही. यातली बारकाई बघा: तेच सरकार जमीन विकायला निघालं तर ही माफी नाही, कारण तेव्हा भरणारा दुसरा असतो. महामंडळही आपोआप ‘सरकार’ ठरत नाही. त्याला सूट द्यायची तर कलम 9खाली वेगळा आदेश लागतो. आणि सक्तीच्या भूसंपादनात तर खरेदीखतच होत नाही, होतो निवाडा. 2013च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 96ने त्यावरचं मुद्रांक शुल्क आणि प्राप्तिकर, दोन्ही काढून टाकले.

अहिल्यानगर जिल्ह्यात समृद्धी महामार्ग कोपरगाव तालुक्यातून जातो. त्यासाठी थेट खरेदीने जमिनी घेतल्या, तेव्हाचा मोबदल्याचा हिशेब थक्क करणारा होता. बाजारभाव 1 लाख धरा. ग्रामीण भागाचा गुणक 2, म्हणजे 2 लाख. त्यावर तेवढीच दिलासा रक्कम, झाले 4 लाख. थेट खरेदीचे वर 25 टक्के, म्हणजे 5 लाख. पाचपट!

आता याच कोपरगाव तालुक्यातल्या कोकमठाणच्या एखाद्या शेतकऱ्याने या पैशातून राहाता तालुक्यात रान घेतलं असं समजा. या वेळी खरेदीदार तो स्वतः. मुद्रांक शुल्क त्याच्याच खिशातून, वर ग्रामीण भागातला जिल्हा परिषदेचा 1 टक्का अधिभार. त्या अधिभारातला वाटा जमीन असलेल्या गावच्या ग्रामपंचायतीला मिळतो. रान गेलं कोकमठाणचं, अनुदान मिळणार राहात्यातल्या गावाला!

पुनर्वसनात वाटप झालेल्या जमिनीचं मुद्रांक शुल्क संपादन करणाऱ्या यंत्रणेनेच भरायचं, असं 2013च्या कायद्याची दुसरी अनुसूची सांगते. मोबदल्यातून स्वतः शोधून घेतलेल्या रानालाही हा नियम लागू व्हायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.