दोन रंगांमधील रेघ

राजापेठेतील एखादे मूल सुटीत विमानाची प्लॅस्टिकची प्रतिकृती जोडावयास बसले, की खरी कसोटी लागते ती दोन रंगांमधील रेघ काढताना. रंग लागू नये असा भाग झाकण्यासाठी घरातील कोणतीही चिकटपट्टी लावली जाते, आणि ती काढताना आठवडाभराची मेहनत तिच्यासोबत सोलून निघते.

ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत दुरंगी मोटारी रंगविणाऱ्या कारागिरांची अशीच दैना पाहून १९२५ साली थ्रीएम कंपनीच्या रिचर्ड ड्रू यांनी नीट बसणारी, तरीही अलगद निघणारी कागदी पट्टी तयार केली. झाकणीचे मर्म तेच आहे: चिकटण्याइतकेच सुटण्यालाही महत्त्व आहे.

म्हणून निवड जागेनुसार करावी. सरळ रेघेसाठी जपानी वाशी कागदाची पातळ पट्टी, वळणासाठी ताणली जाणारी व्हिनाइल पट्टी, तर वैमानिकाच्या कक्षावरील पारदर्शक झाकणासाठी ब्रशने लावावयाचे द्रवरूप रबरी आवरण उपयोगी पडते. मोठा भाग कोऱ्या कागदाने झाकून केवळ कडेला पट्टी लावली तरी पुरते. विजेच्या कामाची पट्टी मात्र टाळावी. वऱ्हाडच्या उन्हाळ्यात तिचा चिकटा मऊ होऊन मागे राहतो.

खालचा रंग पूर्ण वाळू द्यावा. पट्टीची कड नखाने दाबून तिच्यावर प्रथम खालच्याच रंगाचा पातळ हात द्यावा, म्हणजे बारीक फटी बुजतात. शेवटी पट्टी मागे दुमडून सावकाश काढावी. नवी पट्टी आधी टाकाऊ तुकड्यावर पारखून घेतली, तर मुलाचा हिरमोड टळतो.