विसराळू डिस्क

हार्ड डिस्कला आपण एखादी गोष्ट सांगावी आणि वीज गेली की तिने ती साफ विसरावी, हा अनुभव मी पुष्कळ घेतला. आमच्या चांदूर बाजारात वीज केव्हा जाईल याचा नेम नाही, आणि माझ्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी पार मेलेली. त्यात आजीच्या जात्यावरच्या ओव्या ध्वनिमुद्रित आहेत. पेन ड्राइव्हवर प्रत घेतली आहे. पण दुसरी डिस्क विकत घेण्याजोगी घरची स्थिती नाही.

ही डिस्क सारखी वाजे. आजी विचारी, "काहून रे बापू, हे पेटी टकटक काहून करते?" वीज वाचवण्यासाठी, जरा काम थांबले की डिस्क आपली वाचणारी टोके बाजूला नेऊन ठेवते, त्याचा तो आवाज. लॅपटॉपच्या पुष्कळ डिस्क अशा ३ ते ६ लाख फेऱ्यांसाठी बनवलेल्या असतात. मिनिटाला एक फेरी धरली तर ३ लाख फेऱ्या ५,००० तासांत संपतात. रोज सहा तास काम केल्यास जेमतेम सव्वादोन वर्षे!

लिनक्सवर यासाठी मार्क लॉर्ड यांचा 'एचडीपार्म' हा प्रोग्रॅम आहे. त्याच्या 'बी' या पर्यायाला आकडा द्यायचा. लहान आकड्यात काटकसर अधिक, २५४ मध्ये सर्वांत कमी. मी २५४ दिला, टकटक थांबली. वीज गेली, आली, आणि टकटकही परत आली. हा हुकूम डिस्कच्या तात्पुरत्या स्मृतीतच असतो ना!

तेव्हा तो लिहूनच ठेवावा लागतो. डेबियन लिनक्समध्ये (सी-डॅकची 'बॉस'ही त्यावरच बेतलेली आहे) 'इटीसी' फोल्डरात 'एचडीपार्म डॉट कॉन्फ' ही फाइल असते. तीत डिस्कचे नाव आणि पुढे महिरपी कंसात 'एपीएम = २५४' लिहावे. संगणक सुरू होताना डिस्क सापडली, की 'युडेव्ह' ही व्यवस्था या फाइलीतला हुकूम तिला पुन्हा ऐकवते.

नाव मात्र जपून लिहावे. 'एसडीए' हे वर्गातल्या बाकासारखे आहे. दोन डिस्क असल्या तर उद्या तिथे दुसरीच बसलेली असायची. 'बाय-आयडी' फोल्डरातले लांबलचक नाव हजेरीपटावरच्या क्रमांकासारखे, डिस्कचेच असते.

टोके बाजूला जात नसली की धक्क्याचे भय वाढते. म्हणून अमरावतीच्या एस.टी.त बसण्यापूर्वी मी लॅपटॉप पूर्ण बंद करतो. सुरू केल्यावर आकडा न देता नुसता 'बी' चालवावा. डिस्कच्या ध्यानात काय आहे ते कळते. परवा वीज दोनदा गेली, दोन्ही वेळा उत्तर आले २५४.