तहाविना थांबलेलें युद्ध

युद्ध थांबणें निराळें आणि शांतता होणें निराळें. या दोहोंमधील अंतर किती मोठें असूं शकतें, हें कोरियाच्या उदाहरणावरून ध्यानांत येईल.

एकच भाषा बोलणारा हा देश १९१० पासून जपानच्या अमलाखालीं होता. १९४५ च्या ऑगस्टांत जपानचा पराभव समोर दिसूं लागतांच, उत्तरेकडील जपानी सैन्यानें सोव्हिएट रशियास व दक्षिणेकडील सैन्यानें अमेरिकेस शरण जावें, अशी वांटणी ठरली. त्यासाठीं वॉशिंग्टन येथें बोनस्टील व रस्क या दोन लष्करी अधिकाऱ्यांनीं नकाशावर अडतिसावें अक्षवृत्त निवडलें. ही रेघ केवळ तात्पुरत्या सोयीची होती. ती आंखतांना कोरियन लोकांचें मत मात्र कोणीं घेतलें नाहीं. १९४८ मध्यें तिच्या दोन बाजूंस दोन सरकारें स्थापन झालीं व दोघांनींही सर्व देशावर हक्क सांगितला.

२५ जून १९५० रोजीं उत्तरेचें सैन्य दक्षिणेंत शिरलें. पुढें संयुक्त राष्ट्रांच्या वतीनें अमेरिकादि देश दक्षिणेच्या, तर चीन उत्तरेच्या साहाय्यास धांवला. लाखों माणसें मृत्युमुखीं पडलीं. २७ जुलै १९५३ रोजीं पानमुनजोम येथें युद्धबंदीचा करार झाला, तेव्हां सीमा बव्हंशीं पूर्वीच्याच ठिकाणाजवळ होती. मात्र दक्षिणेंतील केसोंग उत्तरेकडे गेलें व उत्तरेंतील सोकचो दक्षिणेकडे आलें.

वाटाघाटी दोन वर्षें रेंगाळल्या, त्याचें एक मोठें कारण युद्धकैद्यांचा प्रश्न हें होतें. स्वदेशीं परतण्यास जो राजी नाहीं, त्यास बळेंच धाडावें काय? अखेर असे २२,००० हून अधिक कैदी भारतीय सैन्याच्या पहाऱ्यांत ठेवण्यांत आले. त्या सैन्याचे प्रमुख कोल्हापूरकडील मेजर जनरल थोरात हे होते.

कैद्यांस निदान त्यांची इच्छा विचारण्यांत आली. दुभंगलेल्या कुटुंबांस ती कोणीं विचारली नाहीं. थोड्याच दिवसांत परतूं, या भरंवशावर घर सोडून आलेल्यांच्या वाटेवर चार किलोमीटर रुंदीचा बिनलष्करी पट्टा आडवा पडला. सामान्य माणसास पलीकडे साधें पत्रही धाडतां येईना. खुद्द दक्षिणेंतही आप्त परस्परांस पारखे झाले होते. १९८३ मध्यें तेथील दूरचित्रवाणीनें १३८ दिवस चालविलेल्या कार्यक्रमामुळें १०,००० हून अधिक कुटुंबांस आपलीं माणसें सांपडलीं.

सीमेपलीकडील आप्तांच्या भेटी २००० पासून अधूनमधून घडूं लागल्या. परंतु २०१८ च्या ऑगस्टानंतर एकही झालेली नाहीं. भेटीसाठीं दक्षिणेंत नांवें नोंदविणारे १,३०,००० हून अधिक होते; त्यांपैकीं निम्म्याहून अधिक आतां हयात नाहींत. शांततेचा तह आजही व्हावयाचाच आहे. तो उद्यां झाला, तरी त्यांच्यासाठीं तो उशिराच झालेला असेल.