टीव्ही घेताय? आधी सोप्यातलं अंतर मोजा

दिवाळी जवळ आली की आपल्या सभासदांकडून एक प्रश्न हमखास येतो. "बत्तीस घेऊ की त्रेचाळीस? आणि ते फोर-के म्हणजे नेमकं काय?" प्रत्येकाला वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहायचं ठरवलं. कारण गेल्या वर्षी आपल्याच एका सभासदानं कर्ज काढून 43 इंची फोर-के टीव्ही घेतला, घरी आणून फ्री डिशला जोडला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात येऊन म्हणाला, "जुन्या डब्यावर याहून बरं दिसत होतं की!" टीव्हीत बिघाड नव्हता. निवड चुकली होती.

आम्ही त्याच्या घरी जाऊन बघितलं. बेळगुंदीतलं साधं घर, पुढं सोपा. भिंतीवर टीव्ही, समोर 8 फुटांवर माणसं बसणार. फ्री डिशच्या बॉक्समधून पिवळी-पांढरी-लाल वायर टीव्हीला गेलेली. सगळं उत्तर त्या वायरीत होतं.

टीव्हीचं चित्र बारीक ठिपक्यांनी बनतं. एच.डी. रेडी म्हणजे 1366 × 768, साधारण साडेदहा लाख ठिपके. फुल एच.डी. म्हणजे 1920 × 1080, जवळपास 21 लाख. फोर-के म्हणजे 3840 × 2160, सुमारे 83 लाख. ऐकायला भारी वाटतं. पण फ्री डिशवरची बहुतेक चॅनेलं अजून साध्या दर्जाची आहेत, 720 × 576, म्हणजे चार लाखांच्या आसपास. आता जाळं टाकणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. जाळ्याची आस कितीही बारीक केली तरी पाण्यात नसलेला मासा लागत नाही. 4 लाख ठिपक्यांचं चित्र 83 लाखांच्या पडद्यावर पसरायचं म्हटलं की उरलेले ठिपके टीव्ही अंदाजानं भरतो. त्यालाच आपण "फुसफुशीत दिसतंय" म्हणतो. पडदा मोठा तेवढं ते जास्त जाणवतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी दोनच गोष्टी बघा. बसायची जागा टीव्हीपासून किती फुटांवर आहे, आणि चित्र येतंय कुठून.

अंतराचा हिशोब असा. नेहमीच्या नजरेच्या माणसाला 32 इंची एच.डी. रेडी पडद्यावरचे ठिपके साधारण 6 फुटांच्या पुढं सुटे दिसत नाहीत. 43 इंचात फुल एच.डी. असेल तर तेही 6 फुटांच्या आतच संपतं. 43 इंची फोर-केचा खरा फायदा घ्यायचा तर 3-4 फुटांवर बसावं लागेल. सोप्यात 8 फुटांवर चटईवर बसणाऱ्याला फुल एच.डी. आणि फोर-के यात ठिपक्यांचा फरक कळणार नाही. मात्र 43 इंचात एच.डी. रेडी पॅनेल कुणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. तिथं 8 फुटांपर्यंत ठिपके दिसू शकतात.

आता चित्र कुठून येतंय ते. फक्त फ्री डिश किंवा साधी केबल असेल, सह्याद्री, चंदना, बातम्या आणि आईची मालिका एवढंच बघायचं असेल, तर 32 इंची एच.डी. रेडी पुरे. आमचं स्पष्ट मत आहे, उरलेल्या पैशात घरातलं दुसरं काहीतरी करा. एच.डी. सेट-टॉप बॉक्स असेल किंवा घरात फायबरचं नेट असेल, पोरं मॅच आणि सिनेमे नेटवरून बघत असतील, तर 43 इंची घ्यायला हरकत नाही. 32 पेक्षा 43 चा पडदा क्षेत्रफळानं जवळपास 80 टक्के मोठा असतो. हा फरक मात्र कुठूनही दिसतो. त्या मापात आता दुकानात बहुतेक फोर-केच मिळतो. तोच भावात बसत असेल तर घ्या, पण फोर-के म्हणून वेगळे पैसे मोजू नका.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालणार असेल तर आणखी एक. फोर-के सिनेमा तासाला 7 जीबीपर्यंत खातो. रोजच्या 2 जीबीच्या रिचार्जमध्ये गाणीसुद्धा संपायची नाहीत.

बेळगावात खडेबाजारला असो की ऑनलाईन, खोक्यावर "फोर-के सपोर्ट" लिहिलेलं दिसलं की तिथंच थांबा. टीव्ही फोर-के व्हिडिओ घेतो, असा त्याचा अर्थ असू शकतो. पडदा तेवढ्या ठिपक्यांचा असेलच असं नाही. 'रिझोल्यूशन' या ओळीत आकडा काय आहे ते वाचा. दुकानात लावलेला टीव्ही नेहमी झकास दिसतो, कारण पेनड्राईव्हमधून खास चित्रीकरण चालू असतं आणि रंग भडक केलेले असतात. दुकानदाराला सांगा, "साधं न्यूज चॅनेल लाव बघू." त्यावर कसं दिसतं तेच तुमच्या घरी दिसणार.

जीएसटीचंही सांगतो. 32 इंचापर्यंतच्या टीव्हीवर जानेवारी 2019 पासून 18 टक्के होता आणि त्यावरच्या मापांना 28. 22 सप्टेंबर 2025 पासून सगळ्यांना 18 टक्के झाला. त्यामुळं "मोठ्यावर टॅक्स जास्त पडतो" हे आता जुनं झालं.

इंच हे आडवं माप नव्हे, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरकं माप आहे. 32 इंची टीव्ही रुंदीला साधारण 72 सेंटिमीटर भरतो, 43 चा 96-97. जुन्या शोकेसचा खण 21 इंची डब्यासाठी केलेला असेल तर त्यात यातला कुठलाच मावणार नाही, सुताराचा खर्च आधीच धरा. आपल्याकडं पावसात वीज लपंडाव खेळते, तेव्हा स्टॅबिलायझरचेही चार पैसे बाजूला ठेवा. आणि विजा कडाडायला लागायच्या आधीच प्लगबरोबर डिशची वायरही काढा.

त्या सभासदाचं पुढं काय झालं? टीव्ही परत घेतला गेला नाही. आम्ही एच.डी.एम.आय. वायरचा बॉक्स लावला, रंग 'व्हिविड'वरून 'स्टँडर्ड'वर आणले, चटई दोन फूट मागं सरकवली. पहिल्यापेक्षा बरं दिसतं. हप्ते अजून आठ राहिलेत.

मोजायची टेप संस्थेच्या ऑफिसात ठेवली आहे. घेऊन जा, पण आणून द्या. मागची अजून परत आलेली नाही.